बौद्ध धर्म : उगम, श्रद्धा आणि प्रतीके (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भासह)

बौद्ध धर्म : गौतम बुद्धांच्या उपदेशावर उभा राहिलेला आणि जगाचा कर्ता म्हणून ईश्वराला स्थान न देणारा धर्म. पालीत त्याला ‘धम्म’ म्हणतात. मराठी बौद्धांच्या रोजच्या बोलण्यातही आता हाच शब्द रुळला आहे. प्रस्तुत नोंदीत उगम, मूळ श्रद्धा व प्रतीके यांचा विचार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागाला समोर ठेवून केला आहे. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली इतिहासग्रंथानुसार तिसऱ्या संगीतीनंतर (भिक्खूंच्या धर्मपरिषदेनंतर) महाधम्मरक्खित महारठ्ठात, योनक धम्मरक्खित अपरांतात आणि रक्खित थेर (ज्येष्ठ भिक्खू) वनवासात धम्मप्रसारासाठी गेले. महारठ्ठ म्हणजे महाराष्ट्र, अपरांत म्हणजे कोकणपट्टी आणि वनवास म्हणजे आजची बनवासी, असे सामान्यतः मानतात. नकाशावर बेळगाव या तिन्हींच्या मधोमध पडते.

बुद्धांचा काळ : जन्मस्थळाविषयी फारसा वाद उरलेला नाही. नेपाळच्या तराईतील रुम्मिनदेई येथे १८९६ मध्ये उजेडात आलेल्या अशोकस्तंभावर, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला आणि ‘येथे बुद्ध शाक्यमुनी जन्मले’ म्हणून त्याने स्तंभ उभारला, असा लेख आहे. वाद आहे तो काळाचा. श्रीलंकेच्या परंपरेने महापरिनिर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये धरले जाते. मात्र त्याच परंपरेच्या इतिहासग्रंथांत निर्वाणापासून अशोकाच्या राज्याभिषेकापर्यंत २१८ वर्षांचे अंतर दिले आहे. अशोकाच्या लेखांत नावे आलेल्या ग्रीक राजांच्या समकालीनत्वावरून राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास ठरतो. त्यावरून मागे मोजले तर इ.स.पू. ४८६ येते, ५४४ नव्हे. चीनमधील कॅन्टन येथील ‘बिंदुनोंद’ याला दुजोरा देते, असे पुष्कळ दिवस मानले गेले. दर वर्षावासानंतर (भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामानंतर) विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या, पोथीवर एक बिंदू देण्याची ती प्रथा होती, इ.स. ४८९ पर्यंत ९७५ बिंदू भरले, म्हणजे आरंभ पुन्हा इ.स.पू. ४८६. मराठी पाठ्यपुस्तकांतील इ.स.पू. ५६३ ते ४८३ हा काळ याच गणिताच्या जवळचा आहे. उत्तरेकडील संस्कृत परंपरा मात्र निर्वाण आणि अशोक यांच्यात केवळ शंभर वर्षे मानते. ती धरल्यास बुद्ध एका शतकाहून अधिक अलीकडे येतात. १९८८ मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे केवळ याच प्रश्नावर परिषद झाली. तिच्यानंतर निर्वाण इ.स.पू. ४०० च्या आगेमागे ठेवण्याकडे अभ्यासकांचा कल वाढला आहे. थेरांच्या परंपरेतील पिढ्यांची संख्या पाहता हा उशिराचा काळ अधिक सयुक्तिक वाटतो, तरी तो कोणत्याही एका वर्षाशी बांधता येत नाही.

हा काथ्याकूट येथे विस्ताराने देण्याचे कारण आहे. १९५६ साली जगभर बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष साजरे झाले, ते इ.स.पू. ५४४ या पारंपरिक गणनेवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या धम्मदीक्षेसाठी हेच वर्ष निवडले. सीमाभागातील बौद्ध कुटुंबांचा धार्मिक इतिहास ज्या वर्षापासून सुरू होतो, ते वर्ष असे श्रीलंकेच्या गणनेतून आलेले आहे.

गृहत्याग : वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा सर्वपरिचित आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ती उत्तरकालीन मानली. सुत्तनिपात या जुन्या पाली ग्रंथातील अत्तदंड सुत्तात बुद्ध स्वतःच्या उद्वेगाचे कारण सांगतात : ‘फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा’, थोड्या पाण्यातल्या माशांप्रमाणे तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून मला भय वाटले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाशी कोसंबींनी याचा संबंध जोडला. बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली आणि रोहिणीचा प्रसंग स्वीकारला. जातककथांच्या अट्ठकथेत (टीकाग्रंथात) हे भांडण बुद्धत्वानंतरचे म्हणून येते, ही अडचण खरी आहे. तरीही सुत्तनिपाताची ही गाथा भाषेच्या दृष्टीने जुन्या थरातली आहे आणि चार दृश्यांच्या कथेपेक्षा तिचे वजन अधिक मानले पाहिजे. मलप्रभा आणि म्हादई या दोघींचा उगम ज्या खानापूर तालुक्याच्या डोंगरात आहे, तेथल्या वाचकाला पाण्याच्या वाट्यावरून माणसे कशी हातघाईवर येतात हे समजावून सांगावे लागत नाही.

श्रद्धा : बुद्ध, धम्म आणि संघ या त्रिरत्नांना शरण जाणे आणि पंचशील पाळणे हा उपासकाचा पाया. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, प्रतीत्यसमुत्पाद, अनित्यता आणि अनात्म ही तत्त्वे सर्व संप्रदायांना मान्य असून त्यांचे विवेचन स्वतंत्र नोंदींत सापडेल. सीमाभागातील बौद्धांची श्रद्धा मुख्यतः बाबासाहेबांच्या मांडणीतून आली आहे. आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन यांविषयी त्यांनी थेट प्रश्न उपस्थित केले. दुःखाचा विचार त्यांनी माणसाने माणसावर लादलेल्या अन्यायापर्यंत नेला. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा हा या श्रद्धेचा सर्वांत ठसठशीत भाग असून त्या आजही दीक्षाविधीत मोठ्याने म्हटल्या जातात.

प्रतीके : धम्मचक्र हे सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त गोंधळात टाकणारे प्रतीक आहे. सारनाथच्या पहिल्या उपदेशाला ‘धम्मचक्कप्पवत्तन’ म्हणतात. ‘आठ आरे म्हणजे अष्टांगिक मार्ग’ हे स्पष्टीकरण आज सर्वत्र ऐकू येते. पण प्राचीन शिल्पांतली चक्रे आठ आऱ्यांना बांधलेली नाहीत. सांची, अमरावती येथील चक्रांना बरेच अधिक आरे आहेत. पाली सुत्तांत महापुरुषाच्या तळपायावरचे चक्र ‘सहस्सार’, म्हणजे हजार आऱ्यांचे सांगितले आहे. आठ हा आकडा अर्थ सांगण्याच्या सोयीसाठी मागाहून स्थिरावला असावा. राष्ट्रध्वजावरील चोवीस आऱ्यांचे चक्र सारनाथच्या सिंहशीर्षाखालील पट्टीवरून घेतले आहे. गावच्या विहारात कधी आठ आऱ्यांचे, कधी चोवीस आऱ्यांचे चक्र रंगवलेले दिसते; दोन्हींना आधार आहे.

आरंभीच्या शिल्पांत बुद्धांची मानवी मूर्ती नसते. रिकामे आसन, पिंपळ, पावले, चक्र, स्तूप यांतून त्यांचे असणे सुचवले जाते. ही मूर्ती टाळण्याची रीत होती, की ही शिल्पे मुळात तीर्थस्थळांच्या पूजेची दृश्ये आहेत, यावर फूशे आणि हंटिंग्टन या कलाभ्यासकांची मते परस्परविरोधी आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी स्तूपावर प्रतीकेही आहेत आणि बुद्धमूर्तीही. त्यामुळे एक रीत संपून दुसरी सुरू झाली असा सरळ क्रम तेथे लावता येत नाही. ‘राया असोको’ अशी अक्षरे कोरलेले अशोकाचे शिल्प याच स्तूपावर आहे.

बेळगाव भागात प्रतीकांचा खरा प्रश्न वेगळा आहे. शेतात, तळ्याकाठी किंवा देवळाच्या ओवरीत पद्मासनातील एखादी दगडी मूर्ती दिसली की तिला ‘बुद्ध’ म्हणण्याचा मोह होतो. हा प्रदेश शतकानुशतके जैन राजाश्रयाचा आहे. खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे कदंबांची पलाशिका, येथील ताम्रपटांत जैन संघाला दिलेली दाने नोंदलेली आहेत; बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती इ.स. १२०४ ची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली आहे. पद्मासन, लांब कान, कुरळे केस, कमळ, सिंहासन, इतकेच नव्हे तर धर्मचक्रही दोन्ही धर्मांत आहे. उत्तर भारतात छातीवरचे श्रीवत्स हे शुभचिन्ह पाहून तीर्थंकर ओळखता येतो. दक्षिणेत ते अनेकदा नसते, म्हणून त्याच्या अभावावरून काही ठरवू नये. खात्रीची खूण वस्त्राची. बुद्धमूर्तीच्या डाव्या खांद्यावरून छातीवर उतरणारी चीवराची कड आणि घोट्याजवळ वस्त्राची बारीक रेघ असते. दगड झिजलेला असला तर पाणी मारून, कलत्या उन्हात पाहावे. रेघ असेल तर उमटते. दिगंबर तीर्थंकराच्या अंगावर ती कधीच नसते. त्याच्या डोक्यावर एकावर एक तीन छत्रे आणि बाजूला यक्ष-यक्षी असतात. हाताची मुद्राही पाहावी : बसलेल्या तीर्थंकराचे हात नेहमी मांडीवर ध्यानमुद्रेत असतात, उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे गेला असेल तर ती भूमिस्पर्श मुद्रा, म्हणजे बुद्ध. या खुणा न पाहता मूर्तीवर नाव टाकल्याने दोन्ही परंपरांचे नुकसान होते. एकाच्या देवाचे नाव जाते आणि दुसऱ्याच्या हाती खोटा पुरावा राहतो.

पिंपळ हा बोधिवृक्ष म्हणून बौद्धांना पूज्य आहे, पण या भागातल्या पिंपळकट्ट्यांवरील नागशिळा वेगळ्या पूजेच्या आहेत. पंचरंगी धम्मध्वज (निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि शेवटी पाचही रंगांची उभी पट्टी) त्या मानाने अगदी अलीकडचा : तो १८८५ मध्ये कोलंबोत तयार झाला, पुढच्या वर्षी अमेरिकन थिऑसॉफिस्ट कर्नल ऑल्कट यांच्या सूचनेने त्याचा आकार बदलला आणि १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला. निळा झेंडा हा आंबेडकरी चळवळीचा असून तो धम्मध्वज नव्हे. मिरवणुकीत दोन्ही शेजारी फडकत असल्याने नवख्यांची गल्लत होते.

सीमाभागातील पूर्वखुणा : निर्विवाद बौद्ध अवशेष बेळगावच्या भोवती कड्यासारखे पसरले आहेत. उत्तरेला कोल्हापुरात स्तूपाच्या अवशेषांत दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यावर धम्मगुत्ताचे नाव असलेला ब्राह्मी दानलेख आहे. मिरज भागात शिलाहार राजा गंडरादित्याने शके १०३२ (इ.स. १११०) मध्ये इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत् (जैन जिन) अशा तिघांची स्थापना केली. पश्चिमेला गोव्यात कोलवाळजवळ मुशीर येथे इतिहाससंशोधक फादर हेरास यांना १९३० मध्ये बुद्धमूर्ती मिळाली. पूर्वेकडे ऐहोळे येथे दुमजली बौद्ध वास्तू आहे. गदगजवळच्या डंबळ येथील १०९५ च्या लेखात सोळा शेट्टींनी बांधलेल्या बुद्धविहाराचा आणि आर्यतारा या बौद्ध देवीच्या विहाराचा उल्लेख आहे. दक्षिणेकडील वैजयंतीचा, म्हणजे बहुधा बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने कार्ल्याचे चैत्यगृह पुरे केल्याचे तेथील लेख सांगतो. वैजयंती ते कार्ले या वाटेवरचा माणूस बेळगावच्या पठारावरून गेला असावा. वडगाव-माधवपूर येथील उत्खननात सातवाहनकालीन नगर उजेडात आले आहे. ते घाटाखालच्या बंदरांना जोडलेले व्यापारी ठाणे मानले, तर व्यापाऱ्यांबरोबर भिक्खूंचेही येणेजाणे तेथे होते, असे अनुमान करता येते. अनुमानापलीकडे जाण्याइतका पुरावा हाती नाही. सातव्या शतकात ह्यूएनत्संगाने वर्णिलेल्या कोंकणपुराचे (सुमारे शंभर संघाराम म्हणजे मठ, दहा हजार भिक्खू) स्थान कनिंगहॅमने आनेगुंदीला, तर इतरांनी बनवासीला मानले. हे वर्णन बेळगावकडे ओढण्यास आधार दिसत नाही.

डंबळचा लेख ध्यानात घेता, दख्खनच्या या भागात बौद्ध उपासना बाराव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत व्यापारी श्रेणींच्या आश्रयाने टिकून होती. त्यानंतर खुणा विरळ होतात.

आधुनिक काळ : या भागातील धम्मचळवळीची मुळे अस्पृश्यतानिवारणाच्या लढ्यात आहेत. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा हे पुढचे टप्पे. दीक्षेनंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ज्यांनी मुंबई राज्याचे रहिवासी म्हणून धम्म स्वीकारायचे ठरवले होते, त्यांची दप्तरे दुसऱ्या राज्यात गेली. महाराष्ट्राने पुढे नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. या काळात मनाने बौद्ध असलेल्या अनेक घरांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनीच नोंद राहू दिली. ती त्यांची दुबळीक नव्हती. शिष्यवृत्ती आणि नोकरी तिच्यावर अवलंबून होती. जनगणनेचे आकडे वाचताना हे विसरू नये. २००१ मध्ये कर्नाटकात सुमारे ३.९३ लाख बौद्ध नोंदले गेले, तर २०११ मध्ये सुमारे ९५ हजार. दहा वर्षांत एवढ्या लोकांनी धर्म सोडला असे कोणी म्हणणार नाही. हा फरक बराचसा नोंदणीच्या पद्धतीचा असावा.

विधी बौद्धाचार्य चालवतात. लग्नाला ‘मंगल परिणय’ म्हणतात. वधूवर पांढऱ्या वेशात असतात आणि बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची तसबीर यांच्यापुढे मेणबत्ती व अगरबत्ती लावून त्रिशरण-पंचशील घेतले जाते. मृत्यूनंतर जलदान विधी व पुण्यानुमोदन होते. बुद्धपौर्णिमा, भीमजयंती, अशोक विजयादशमी आणि ६ डिसेंबर हे मुख्य दिवस. वंदना पालीत असते. मराठी घरातली मुले ती देवनागरीतल्या पुस्तिकेतून शिकतात, शेजारच्या कन्नड घरातली कन्नड लिपीतून. ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ ही ओळ मात्र दोघे एकाच चालीत, तीन वेळा म्हणतात.