कालप्रवास आणि इन्व्हर्जन: ‘टेनेट’ पाहताना होणारी गल्लत

क्रिस्टोफर नोलन यांच्या २०२० सालच्या ‘टेनेट’ला सर्रास कालप्रवासाचा चित्रपट म्हटले जाते आणि प्रेक्षकाची गल्लत तिथूनच सुरू होते. कालप्रवासाच्या रूढ कथेत माणूस यंत्रात बसतो, मधला काळ ओलांडून हव्या त्या दिवशी उतरतो आणि उतरल्यावर त्याचे व तिथल्या लोकांचे घड्याळ एकाच दिशेने चालू लागते. ‘टेनेट’मधल्या इन्व्हर्जनमध्ये अशी उडीच नाही. टर्नस्टाइल नावाच्या यंत्रातून बाहेर पडलेल्या माणसाची एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, उलटते आणि तो एकेक मिनिट जगत मागे जातो. आठवडाभर मागे जायचे तर आठवडाभर जगावे लागते आणि वयही तेवढे वाढते. टॅलिनमध्ये गोळी लागलेल्या कॅटला, म्हणजे खलनायकाच्या पत्नीला, घेऊन नायक आणि त्याचा साथीदार नील ऑस्लोकडे परततात, तेव्हा ते कंटेनरमध्ये बसून हा काळ अक्षरशः काढतात आणि तेवढ्या अवधीत तिची जखम भरू लागते.

एन्ट्रॉपी हा शब्द इथे उगाच आलेला नाही. भौतिकशास्त्राचे बहुतेक मूलभूत नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात. मात्र कपातला चहा निवतो, आपोआप पुन्हा तापत नाही, कारण उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार एन्ट्रॉपी वाढतच जाते. काळाला दिशा मिळते ती यामुळे. ही दिशा एखाद्या माणसापुरती किंवा बंदुकीच्या गोळीपुरती उलटवणे प्रत्यक्षात शक्य नाही, पण एकदा ते गृहीत धरल्यावर चित्रपट त्याचे परिणाम मन लावून दाखवतो. उलट्या माणसाच्या फुफ्फुसांना आजूबाजूची हवा चालत नाही, म्हणून त्याला मास्क लागतो. पेटलेल्या गाडीत अडकलेला नायक भाजत नाही, गारठतो. यंत्रातून थेट भूतकाळात उतरणाऱ्याला असले काही सोसावे लागत नाही, आणि मला तरी इन्व्हर्जनची खरी गोडी याच शारीरिक अडचणींत वाटते.

भूतकाळ बदलण्याच्या बाबतीतही दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. कालप्रवासाच्या अनेक कथांत मागे जाऊन घटना पुसता येते. ऑस्लोच्या विमानतळावर मात्र नायक ज्या मुखवटाधाऱ्याशी झुंजतो तो तो स्वतःच असतो, आणि पुढे तीच झुंज दुसऱ्या बाजूने दिसते तेव्हा तिच्यातला एकही ठोसा बदललेला नसतो. मुंबईतल्या प्रसंगात डिंपल कापडियांनी साकारलेली शस्त्रविक्रेती प्रिया काळात उलट्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल सांगते की आपण विकल्या तेव्हा त्या साध्याच होत्या, म्हणजे त्या उलटल्या नंतर. हे वाक्य ज्याने नीट ऐकले, त्याला पुढचा गुंता बराच सुटा होतो.

दुसऱ्यांदा पाहताना रंगांकडे लक्ष ठेवावे: लाल म्हणजे काळाबरोबर, निळा म्हणजे काळाविरुद्ध. शेवटच्या लढाईत लाल तुकडी दहा मिनिटे पुढे जाते, निळी तीच दहा मिनिटे उलटी लढते, आणि त्या दोघींच्या माऱ्यात सापडलेली एक इमारत एकाच वेळी सांधली जाताना आणि कोसळताना दिसते.