पॅसेजची फरशी: कोटा, शहाबादी की व्हिट्रिफाइड?

घराचं काम काढलं की हॉलच्या फरशीवर आठवडेच्या आठवडे खल चालतो आणि पॅसेजला उरलीसुरली टाइल लागते. खरं तर उलट व्हायला हवं. हॉलमधली निम्मी फरशी सोफा, टीपॉय आणि कपाटाखाली झाकलेली असते. पॅसेज चिंचोळा आणि उघडा. बाहेरून आलेला प्रत्येक पाय त्याच हातभर पट्ट्यावरून आत जातो. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत दारापासून माजघरापर्यंत शहाबादीवर किंचित खोलगट, गुळगुळीत वाट पडलेली दिसते, ती अशीच पडलेली असते.

ही वाट पाडते ती चपलेखालची धूळ. खनिजांचा कठीणपणा मोजायला मोह्स यांची 1 ते 10 अशी मोजपट्टी आहे. शहाबादी, कोटा आणि ओट्याखाली मांडणीला लावतात तो काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडक. त्यांतलं मुख्य खनिज कॅल्साइट, कठीणपणा 3. संगमरवरही त्याच कॅल्साइटचा, फक्त जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिक झालेला. पुण्याची धूळ मात्र आपल्या काळ्या बेसाल्टची, म्हणजे लाव्ह्यापासून बनलेल्या कातळाची: त्यातलं फेल्डस्पार हे खनिज 6 च्या आसपास, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ 7. कठीण कण मऊ दगडावर ओरखडा काढणारच. ग्रॅनाइट टिकतो, कारण तो मुळात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचाच बनलेला असतो. चांगली व्हिट्रिफाइड टाइलही याच पातळीवर उभी राहते.

आपण बेसाल्टवर राहतो, तरी फरशी बाहेरून का आणतो? लाव्हा थंड होताना आडव्या-उभ्या भेगा पडत घट्ट झाला, त्याच्या सपाट लाद्या निघत नाहीत. चुनखडक समुद्राच्या तळाशी थरावर थर साचत बनतो, म्हणून पहार आणि छिन्नीने तो पदरापदराने सुटतो. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. तिथला दगड दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आपला लाव्हा त्या थरांच्या वरून पसरला.

झिजण्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती छिद्रांची. दुकानात गेलात की एक करून बघा. टाइल उलटी धरा आणि मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलवर तो बघता बघता पसरतो, कडेने गडद होतो आणि जिरून जातो. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर तोच थेंब फुगीर, चकचकीत बसून राहतो. भट्टीत 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास मिश्रणातलं फेल्डस्पार वितळतं, त्याची काच होते आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरून टाकते. म्हणून व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. भिंतीची टाइल 10 टक्क्यांहून जास्त पिऊ शकते. व्हिट्रिफाइडवर चहा सांडो की हळदीचं तेल, ओल्या फडक्याने निघतं.

दगडाची छिद्रं उघडी असतात, त्यामुळे तेल आत उतरतं. त्यात चुनखडकाचं आम्लाशी वाकडं. कोट्याच्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं तर बारीक बुडबुडे उठताना दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड. पुसल्यावर तिथलं पॉलिश गेलेलं असतं. कितीतरी सोसायट्यांच्या जिन्यात सफाईसाठी ॲसिड ओततात आणि धडधाकट कोटा कायमचा पांढुरका करून टाकतात, ते पाहून जीव तुटतो. तळमजल्यावर लोणा लागण्याचा, म्हणजे क्षार फुटण्याचाही त्रास असतो. जमिनीतलं पाणी छिद्रांतून वर चढतं, वाळतं, आणि मागे उरलेले क्षार स्फटिक होताना दगडाचे पापुद्रे काढतात.

पण टाइलची हीच घट्ट पाठ बसवताना अडचण करते. सिमेंट पकड घेतं ते छिद्रांत शिरून. शहाबादी सिमेंटचं पाणी थोडं ओढून घेते आणि घट्ट बसते. व्हिट्रिफाइड काहीच ओढत नाही, आणि तरी अनेक मिस्त्री अजून जुन्याच पद्धतीने सिमेंटचे गोळे ठेवून ती दाबतात. मग खाली पोकळी राहते. त्यात टाइल्स भिंतीला भिडवून गच्च लावल्या असतील, तर काँक्रीट आकसतं, टाइलला हलायला जागा नसते, आणि एक दिवस मोठा आवाज होऊन पॅसेजमधली अख्खी ओळ उचलली जाते.

झीज झाल्यावरचा हिशेब दगडाच्या बाजूचा आहे. कोटा वरपासून खालपर्यंत एकच. पॉलिशवाला मशीन फिरवून वरचा थर घासतो आणि फरशी नवी होते, दहा-वीस वर्षांनी पुन्हा. ग्लेझ्ड टाइलची नक्षी मिलिमीटरभरही जाडीची नसते. ती गेली की टाइलच बदलायची. व्हिट्रिफाइडच्या डबल चार्ज प्रकारात रंगाचा थर काही मिलिमीटर असतो, फुल बॉडी प्रकारात आरपार.

पावसाळ्यात ओल्या चपला आल्या की चकचकीत फरशीवर पाण्याचा पातळ थर पावलाखाली अडकतो. खरखरीत पृष्ठभागावर त्याला बाजूला व्हायला जागा मिळते. टाइलवरचा आर आकडा तिरप्या, तेलकट फळीवर माणसाला चालवून काढतात: आर-9 म्हणजे 6 ते 10 अंशांचा उतार, आर-10 म्हणजे 10 ते 19. घरात वयस्कर माणसं असतील तर पॅसेजला आर-10 च्या खाली उतरू नका, मग टाइल कितीही देखणी असो.

बंगला, रो हाउस किंवा तळमजला असेल तर मी कोटा घेईन, आरशासारखं पॉलिश न करता. त्याआधी ओल थांबवायची. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र वजन बघावं लागतं. 20 मिलिमीटर दगड चौरस फुटाला साधारण 5 किलो भरतो, 9 मिलिमीटर टाइल 2 किलो. आणि दगडाखालच्या दीड-दोन इंच मालाचं वजन दगडाहूनही जास्त. तिथे मॅट फिनिशची फुल बॉडी किंवा डबल चार्ज व्हिट्रिफाइड घ्यावी. जुन्या फरशीवरच लावणार असाल तर दाराच्या खालच्या कडा कापाव्या लागतील, हे सुताराला आधीच सांगून ठेवा. मिस्त्रीकडून पॉलिमरचा टाइल ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पाठीवर लावून घ्या, दोन टाइल्समध्ये फट राखणारे स्पेसर घाला आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकेल एवढी फट सोडा. माल सुकल्यावर प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजेल ती हिशेब चुकता करण्याआधीच काढून पुन्हा बसवून घ्या.