निफाडची थंडी आणि कापसाचा बर्फ

डिसेंबर लागला की नाशिकच्या बऱ्याच शिशुवर्गांत भिंतीवर बर्फ पडायला लागतो. निळा घोटीव कागद, त्यावर मेडिकलमधून आणलेल्या कापसाचे पुंजके, गाजराच्या नाकाचा एक गोलमटोल पांढरा बाबा आणि कोपऱ्यात हिरव्या क्रेप कागदाचं झाड. दारात रिक्षातून उतरणारी पोरं कानटोपी-स्वेटरात गुरफटलेली असतात, म्हणजे थंडी खरीच आहे. नाशिकजवळच्या निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते, द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. बर्फ मात्र इथे कुणी आजोबा-पणजोबांनीही पाहिलेला नाही. मग तो भिंतीवर कुठून आला?

माझ्या मते तो दोन वाटांनी आला, आणि दोन्हींची गल्लत केली की 'इथे बर्फ कशाला' हे भांडण भलतीकडेच जातं.

पहिली वाट हस्तकलेची. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये बाड ब्लँकनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्याच्या पद्धतीत लाकडी ठोकळ्यांबरोबर हाताच्या उद्योगांची एक लांबलचक मालिका होती: कागदाला टोचून नक्षी काढणं, पट्ट्या एकमेकींत ओवून चटई विणणं, चौकोनी कागदाच्या घड्या घालणं, घडीवर कात्री चालवून उलगडल्यावर काय फूल उमटतं ते पाहणं. आपल्यापैकी ज्यांनी बालवाडीत लाल-पिवळ्या पट्ट्यांची चटई विणली आहे, त्यांनी फ्रोबेलचाच धडा गिरवला, त्याचं नाव कधी ऐकलं नसलं तरी. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. त्या काळात त्याच्या पद्धतीने शिकलेल्या कित्येक शिक्षिका परदेशात गेल्या आणि कागदकाम त्यांच्याबरोबर गेलं. लंडनमध्ये तर बंदीच्याच साली किंडरगार्टन सुरू झालं.

घडी घालून कापलेलं ते फूल थंड मुलखात सहजच हिमकण झालं. यात एक गंमत आहे. खऱ्या हिमकणाला सहा कोपरे असतात. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. चौकोनी कागद निम्म्यात, पुन्हा निम्म्यात दुमडत गेलं तर मात्र चार नाहीतर आठ पाकळ्या येतात. सहा हव्या असतील तर एक घडी तिनात घालावी लागते, आणि ती चार वर्षांच्या मुलाला काय, मलाही पहिल्या फटक्यात जमत नाही. म्हणून आपल्या भिंतींवरचा बर्फ बहुधा अष्टकोनी असतो.

दुसरी वाट नाताळची. हा सण मॉलबरोबर नाशकात आला असं समजणाऱ्यांनी शरणपूर आठवावं. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात ही ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकायला होती; आफ्रिका पालथी घालणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात सोबत असलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. नाताळ हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेऊन मराठीत मुरवून टाकलाय. थोडक्यात, नाताळ नाशिकला नवा नाही. बिनख्रिस्ती शाळांच्या भिंतींवर तो इंग्रजी माध्यमाच्या नर्सऱ्या गल्लोगल्ली निघाल्यावर पसरला, आणि आला तो युरोपातल्या शुभेच्छापत्राच्या वेषात: बर्फासकट.

मधल्या काळात आपल्याकडे एक वेगळाच विचार झाला होता, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तिथे भिंतीवर राफाएलच्या मॅडोनाचं चित्र होतं. पण त्यांचा भर सजावटीपेक्षा मुलाच्या हाती लागणाऱ्या साधनांवर आणि खोलीच्या शिस्तीवर होता. त्यांच्याच विचारांवरून गुजरातेत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, तीन वर्षांनी मराठी शिक्षिका ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झालं. महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, पानं, माती, काड्या हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून 'अंगणवाडी' निघाली; गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. अंगणात आणि कुरणात सजवायला भिंत असतेच कुठे! मुलांनी केलेलं जमिनीवर मांडायचं आणि उठताना तिथेच सोडायचं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात सुरू झाली तेव्हा हेच नाव घेतलं गेलं. मग खोल्या आल्या, भिंती आल्या.

भिंतींचं म्हणाल तर जुन्या बालवाड्यांच्या भिंती चुन्याच्या असत आणि चुन्यावर काही चिकटत नसे. म्हणून खोलीच्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधून तिच्यावर पताका दुमडत. चिकटवायला खळ: मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला की उतरवायचं. दुकानदार आणि बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकत. ते विषारी, आणि पोरांची बोटं सदा तोंडात. त्यामुळे बालवाडीची खळ बिनमोरचुदाची, आणि सकाळी तिच्यावर झुरळांची हजेरी. तीन वर्षांच्या मुलाला कात्री नीट चालवता येत नाही, पण कागद फाडता छान येतो. म्हणून लहान गटाला फाडकाम आणि चिकटकाम, मोठ्या गटाला कातरकाम, अशी वाटणी अनुभवानेच ठरत गेली. भेंडीचा ठसा, बटाट्याचा ठसा हा मधला पल्ला.

मग डिस्टेंपर आला, ऑइलपेंट आला, सेलोटेप आली आणि थर्माकोल आला. थर्माकोलने मोठा घोळ केला. तो कापायला तापलेली तार किंवा धारदार कटर लागतो. म्हणजे मूल आपोआप बाहेर. सजावट बाईंची झाली, मग बाईंच्या घरच्यांची, शेवटी बाजारातून आणलेली. मी एका शाळेत (नाव नको) संचालक येणार म्हणून चार शिक्षिकांना सात वाजेपर्यंत स्टुलावर चढून हिमकण चिकटवताना पाहिलंय. दुसऱ्या दिवशी मोठ्या शिशूतली एक मुलगी त्या भिंतीजवळ गेली, कापूस बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, "बाई, हे कुणाचंय?" बाई म्हणाल्या, "आपलं सगळ्यांचं." पोरगी हात मागे घेऊन जागेवर जाऊन बसली.

२०१८ मध्ये राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, सजावटीचा थर्माकोलही त्यात आला, आणि कागद पुन्हा वर्गात परतला. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना गच्च सजवलेल्या आणि साध्या खोलीत धडे देऊन पाहिले होते. गच्च खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकणं कमी झालं. आपल्याकडे शाळांत अक्षरं-चित्रांच्या 'बोलक्या भिंती' रंगवणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. काही भिंती बोलक्या कसल्या, बडबड्या असतात.

बर्फाबद्दल माझी तक्रार त्या मानाने किरकोळ आहे. मुलं परीही काढतात, डायनासोरही काढतात. न पाहिलेलं काढू नये असा काही नियम नाही. एवढंच वाटतं की हाताशी असलेला हिवाळा भिंतीवर यायचा राहून जातो. नांदूर मध्यमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर स्थळी (म्हणजे जागतिक यादीतल्या पाणथळ जागी), याच दिवसांत दूरदेशीचे पक्षी उतरतात. हुरडा असतो, बोरं असतात, बोरन्हाणातल्या काळ्या झबल्यावर पांढरे हलव्याचे दागिने असतात. काळ्या कागदावर पांढरे ठिपके हे तर तीन वर्षांच्या बोटाला आयतंच काम आहे. संक्रांतीला पतंग मात्र सगळीकडे लागतात. येवल्याच्या एका मुलाने एकदा पतंगाऐवजी नुसती आसारीच (मांजाची फिरकी) काढली, पानभर, कारण घरी बाबा उडवतात आणि आसारी याच्या हातात असते. ती बाईंनी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली होती, वाकडी.

संक्रांत झाली की पतंग उतरवून मुलांच्या दप्तरांत जातात. सुतळी मात्र कुणी सोडत नाही, २६ जानेवारीचे झेंडे तिच्यावरच लावायचे असतात.