गोळी घड्याळ बघून घ्यायची, कळ बघून नव्हे

पायाला उष्णतेचे चटके, शिरेतून मॉर्फिनच्या कुळातलं रेमिफेंटॅनिल नावाचं जबर वेदनाशामक आणि आपल्या वेदनेला शंभरपैकी गुण देणारी २२ निरोगी माणसं. ऑक्सफर्डमधला हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाविना वेदनेला सरासरी ६६ गुण मिळाले. मग न सांगता औषध सुरू केलं, आकडा ५५ वर आला. ‘आता औषध देतोय’ असं सांगितल्यावर तो ३९ वर घसरला, मात्रा मात्र तीच होती. शेवटी ‘औषध बंद केलं, आता दुखेल’ असं सांगितलं. औषध खरं तर चालूच होतं, तरी आकडा पुन्हा ६४!

ही माणसं सोंग करत नव्हती. मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसत होता. मज्जारज्जूतून वर येणारा वेदनेचा संदेश वाटेतच कमीजास्त होतो, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. भीती, अपेक्षा, लक्ष कुठे आहे, या सगळ्यांचा त्यात हात असतो. त्यामुळे ‘तुझं दुखणं मनाचं आहे’ हे रुग्णाला ऐकवलं जाणारं वाक्य निर्दयी तर आहेच, शिवाय चुकीचंही आहे. दुखणं खरंच असतं.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. त्यात पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था सावधच राहते. ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली औषधं इथे तोकडी पडतात. शरीर सरावतं, मात्रा वाढवावी लागते आणि काहींच्या बाबतीत औषधानेच वेदनेची संवेदना तीव्र होते. कंबर, गुडघा आणि खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या वेदनाशामकांपेक्षा ओपिऑइड सरस ठरली नाहीत.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते सिॲटलच्या विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाचं काम. कळ आली की गोळी आणि गोळीने आराम, असं चक्र सुरू झालं की मेंदू कळ आणि बक्षीस यांची सांगड घालतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून औषध ठरलेल्या वेळीच द्यायचं, दुखो वा न दुखो. ते रंग-चव झाकणाऱ्या सरबतात मिसळलेलं असे आणि त्यातली मात्रा हळूहळू उतरवली जाई. व्यायामाचंही तेच. दुखेपर्यंत चालायचं नाही. झेपेल त्याहून थोडं कमी अंतर आधीच ठरवायचं, ते पुरं करायचं आणि मगच बसायचं. विश्रांती मिळायची ती दुखलं म्हणून नव्हे, काम झालं म्हणून. चांगल्या दिवशी घरभर कामं उपसायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हा अनेकांचा परिपाठ याच युक्तीने मोडतो.

आजचे उपचार यात विचारांची भर घालतात. ‘वाकलो तर मणका जाईल’ ही भीती थोडंथोडं वाकूनच तपासून पाहायची. सजगतेच्या सरावात ठणक्याकडे बारकाईने पाहायला शिकवतात: जळजळ आहे की ताण, कडा कुठे आहे, मध्येच विरते का? या सरावावर आधारलेल्या आठ आठवड्यांच्या एका कार्यक्रमाची, ओपिऑइडचा गैरवापर करणाऱ्या जुनाट दुखण्याच्या २५० रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी हा कार्यक्रम केलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांचा गैरवापर थांबला होता. ज्यांना नुसता एकत्र बसून बोलण्याचा आधारगट मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण २४ टक्के होतं.

चमत्काराची आशा मात्र नको. अशा उपचारांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या की वेदनेतली सरासरी घट लहानच निघते. त्यासोबत रोजचं वावरणं आणि मनःस्थितीही थोडी सुधारते. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एकदम सोडू नयेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये तसा इशाराच दिला आहे: अचानक औषध तोडल्याने तीव्र त्रास, अनावर वेदना, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवतात, आणि मध्ये दुखणं उसळलं तर तिथेच काही काळ थांबतात.