महासाथीचे मानसिक परिणाम

मोठ्या प्रदेशात पसरलेल्या साथरोगाचा आजारी पडलेल्यांच्या, तसेच न पडलेल्यांच्याही मनावर होणारा परिणाम. धास्ती, चिडचिड, उदासी, एकटेपणा आणि झोप उडणे ही नेहमी आढळणारी लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचा संघटनेचा अंदाज आहे. तरुण आणि स्त्रिया यांना झळ अधिक बसली.

नागपुरात २०२० साली सतरंजीपुरा, मोमिनपुरा असे भाग सील झाले, तेव्हा विषाणूची भीती माणसांबद्दलच्या भीतीत बदलली. दारावर विलगीकरणाचा कागद लागला की शेजार तुटे. अशा बहिष्काराच्या भीतीने लोक लक्षणे लपवतात आणि उपचाराला उशीर होतो.

दुसऱ्या लाटेत १५ ते २१ मार्च २०२१ या काळात शहरात पुन्हा टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत खाटांची चणचण होती. रक्तातील ऑक्सिजन बोटावरून मोजणारा ऑक्सिमीटर घरोघरी आला. आकडा पंच्याण्णव दिसला की हायसे वाटे, पण दहा मिनिटांनी बोट पुन्हा चिमट्यात जाई. असे वारंवार तपासल्याने चिंता तेवढ्यापुरती शमते आणि तपासण्याची सवय मात्र पक्की होते.

सर्वांत खोल जखम शोकाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. रुग्णालयातून मृतदेह थेट घाटावर जाई. मुलांना चेहराही नीट दिसत नसे. खांदा देणे, राख सावडणे, अस्थी विसर्जनासाठी रामटेकच्या अंबाळा तलावावर जाणे, तेरवीला गोतावळा जमणे, यांतून मृत्यू हळूहळू मनात उतरतो. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तीच हकिकत पुन्हा ऐकतो आणि सांगणाऱ्याचा भार थोडा हलका होतो. ते सारे तुटले. अनेकांच्या मनात ‘आपण शेवटी जवळ नव्हतो’ ही टोचणी राहिली. असा शोक सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र राहून रोजचे जगणे अडवू लागला, तर आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो दीर्घकालीन शोकविकार मानला जातो.

सामूहिक आधारही त्याच वेळी थांबले. २०२० मध्ये दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मेळा झाला नाही. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी हाक देत निघणारी काळी-पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूकही त्या वर्षी निघू शकली नाही. रोगराईची भीती मोठ्याने ओरडून बाहेर टाकण्याची शहराची ही जुनी रीत नेमकी गरज असताना बंद पडली.

बहुतेकांची लक्षणे कालांतराने ओसरतात. ज्यांची ओसरत नाहीत, त्यांच्यासाठी समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपयोगी पडतात. प्रादेशिक मनोरुग्णालय शहरातच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी मोफत सेवाही मिळते.