डिजिटल साउंड मिक्सर नेताय? नेटवर्कबद्दल एवढं वाचा
कार्यक्रमाच्या दिवशी आम्हाला येणारा नेहमीचा फोन म्हणजे, "मिक्सर टॅबलेटवर दिसत नाहीये." मिक्सर बहुधा ठणठणीत असतो. जुन्या मल्टिकोरचं (स्टेजवरचे सगळे माइक मिक्सरपर्यंत नेणाऱ्या जाड वायरचं) सोपं होतं, वायर जोडली की आवाज यायचा. आता वायर जोडल्यावरही उपकरणांना एकमेकांचा पत्ता सापडावा लागतो आणि घोडं तिथेच अडतं. म्हणून सामानाबरोबर हा कागदही देतो आहोत.

आधी पत्ता

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला चार आकड्यांचा आयपी पत्ता असतो. समजा, मिक्सरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे म्हणजे इमारत आणि शेवटचा म्हणजे खोली. टॅबलेट १९२.१६८.१.५० वर असला की दोघं एकाच इमारतीत, हाक मारली की ऐकू येते. तोच १९२.१६८.०.५० वर असेल तर इमारत बदलली. वाय-फायचे दांडे भरलेले दिसतील, पण मिक्सर सापडणार नाही. दोन उपकरणांना चुकून एकच पत्ता दिला गेला तर आणखी पंचाईत: कधी हे दिसतं, कधी ते. दुसरं उपकरण उशिरा चालू केलं असेल, तर साउंड चेक नीट पार पडतो आणि ऐन कार्यक्रमात घोळ सुरू होतो.

पत्ते हाताने भरता येतात, नाहीतर राउटर ते डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, वाटतो. साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा, पत्ते वाटत नाही, तो फक्त जोडतो. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता देणारं कुणी न भेटल्याने त्याने तो स्वतःच घेतला आहे असं समजा. डान्टेची (नेटवर्कच्या वायरीतून आवाज नेणाऱ्या पद्धतीची) सगळी उपकरणं अशाच पत्त्यांवर असतील तर त्यांचं छान जमतं. काही तशी आणि काही वेगळ्या पत्त्यांवर असली की गडबड होते.

आमची पद्धत अशी: मिक्सर आणि स्टेजबॉक्सला (स्टेजवरचे माइक ज्यात लागतात त्या डब्याला) कायमचे पत्ते, फोन-टॅबलेटना राउटरकडून. कायमचे पत्ते टेपवर लिहून उपकरणाला चिकटवलेले असतात. ती टेप कृपा करून काढू नका. सभागृहातली इंटरनेटची वायरही आमच्या स्विचला लावू नका. दोन राउटर पत्ते वाटायला लागले की कोण कोणत्या इमारतीत गेलं ते शोधत बसावं लागतं.

सॉकेट तेच, काम वेगळं

मिक्सरच्या मागे 'एईएस५०' लिहिलेलं सॉकेट नेटवर्कच्या सॉकेटसारखंच दिसतं. पण ते इथरनेटचं नेटवर्क नव्हे. मिक्सर ते स्टेजबॉक्स अशी सरळ, शील्ड असलेली वायर त्याला लागते, मध्ये स्विच चालत नाही. डान्टे मात्र स्विचमधून जातं.

वायर कॅट५ई किंवा कॅट६, पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण आम्ही ती ठेवत नाही. दोन उपकरणांमध्ये १०० मीटरची मर्यादा आहे. डान्टेला त्यापुढे जायचं असेल तर मध्ये स्विच टाका किंवा फायबर वापरा.

स्विच

४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटचा एक चॅनेल म्हणजे सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट. ६४ चॅनेलचे झाले जवळपास ७४, आणि पॅकेटचं (डेटा ज्या तुकड्यांतून जातो त्यांचं) ओझं वेगळंच. १०० मेगाबिटचा स्विच तिथे धापा टाकतो, म्हणून गिगाबिटचाच घ्या. त्यात वीज वाचवणारी 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' सोय असेल तर ती बंद करा. दोन पॅकेटांच्या मधल्या फटीत पोर्ट डुलकी काढतो, त्याने डान्टेचं घड्याळ डळमळतं आणि आवाजात टकटक येते किंवा तो मध्येच तुटतो.

एका स्विचमधून निघालेली वायर फिरून त्याच स्विचमध्ये आली की लूप होतो. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि नेटवर्क ठप्प. डान्टेचे 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' दोन्ही पोर्ट एकाच स्विचला लावणं टाळा; पर्यायी मार्ग हवा असेल तर दुसरा स्विच वेगळाच ठेवा.

वाय-फाय फक्त रिमोटपुरतं

वायरवर डान्टेचा उशीर १ मिलिसेकंद ठेवता येतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे कानाला फरक कळत नाही. वाय-फायवर हा उशीर सतत बदलतो, त्यामुळे त्यावरून डान्टेचा आवाज पाठवू नका. टॅबलेटवरून फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) हलवायला मात्र वाय-फाय उत्तम. राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवा, कारण २.४ वर एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच, आणि प्रेक्षकांचे फोन आले की तिथे गर्दी होते. राउटर रॅकच्या आत कोंबू नका, उंचावर ठेवा.

अडलात तर फोन जरूर करा. त्याआधी मिक्सरचा पत्ता, टॅबलेटचा पत्ता आणि दोघांचे सबनेट मास्क कागदावर लिहून ठेवा. आम्ही पहिल्यांदा तेच विचारणार आहोत.