उरलेला रंग घरी ठेवताय? आधी हे वाचा

दिवाळीच्या तोंडावर काउंटरवर एक तक्रार हमखास येते. "तुमच्याकडूनच नेलेला रंग, आज उघडला तर घाण वास मारतोय. बदलून द्या." डबा बघितला की बहुतेक वेळा कारण एकच निघतं: उरलेल्या रंगात पाणी होतं.

पेंटर बादलीत रंग काढतो, पाणी घालून पातळ करतो आणि संध्याकाळी उरलेला 'वाया कशाला घालवा' म्हणून परत डब्यात ओततो. इथेच घात होतो. प्लास्टिक पेंट हा पाण्यातलाच रंग. तो नासू नये म्हणून कंपनी त्यात औषध घालते, पण मोजून. वरून टाकीचं पाणी पडलं की औषध विरळ होतं. शिवाय रोलरची धूळ, पुट्टीचा भुगा आणि जंतू आत जातात ते वेगळंच. पातळ केलेला रंग त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या दिवशी. पेंटरला काम सुरू व्हायच्या आधीच बजावा, नंतर सांगून उपयोग नसतो. आणि डब्यावर छापलेली मुदत बंद डब्याची असते.

झाकण लावण्याआधी खाचेतला रंग फडक्याने पुसा, नाहीतर ते बसल्यासारखं दिसतं, बसत नाही. पत्र्याच्या डब्यावर लाकडी पट्टी ठेवून कडेकडेने ठोका. डबा उलटा ठेवायचा सल्लाही काहीजण देतात. झाकण पक्कं नसेल तर फरशी रंगते, एवढंच सांगतो.

ऑइलपेंटचा शत्रू हवा. 4 लिटरच्या डब्यात तळाशी थोडाच उरला असेल तर छोट्या डब्यात काठोकाठ भरा. साय आलीच तर ढवळू नका. अख्खी उचलून टाका, खालचा रंग तलम कापडातून गाळून वापरा.

गच्चीवर किंवा उन्हाच्या गॅलरीत डबे नकोत, पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. ओल्या जागीही नकोत, पावसाळ्यात पत्रा गंजतो. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन गॅसपासून लांब.

"सीलबंद आहे, मग परत का घेत नाही?" असंही विचारतात. मशीनवर बनवलेली शेड तुमच्याच भिंतीसाठी असते, दुसरं गिऱ्हाईक तिला मिळत नाही. त्यापेक्षा आधी भिंतींची मापं आणा. 20 लिटरची बादली विकण्यात आमचा फायदा आहे, तरी 10 आणि 4 मध्ये भागत असेल तर तसंच सांगतो.

शेडचं स्टिकर झाकणावर नको, डब्याच्या अंगावर चिकटवा. झाकणं अदलाबदल होतात. स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या भिंतीच्या फोटोवरून शेड जुळत नाही, स्टिकरवरचा शेडचा कोड असला तर 1 लिटरही बनवून देतो. मात्र जुनी भिंत फिकी पडलेली असते, ठिगळ दिसणारच. टचअपपेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारा.

झाकणाचे रिकामे छोटे डबे दुकानात मिळतात. आमच्याकडचा जुना डबा आणलात तर शेकरवर, म्हणजे डबा हलवायच्या मशीनवर, हलवून देऊ, त्याचे पैसे नाहीत. फक्त झाकण घट्ट लावून आणा, स्कूटरवर सांडलेला रंग आम्हाला काढता येत नाही.